पाहुणा जागा होण्यापूर्वीं

ज्या कामाचें फळ डोळ्यांस दिसत नाहीं त्याची वाखाणणी करण्यास जगांत फारसें कोणी पुढें येत नाहीं. स्वयंपाक उत्तम झाला तर सुगरणीचें नांव होतें. पण पहाटे उठून चूल सारवून ठेवणारीचें नांव कोण घेतो? आमचा धंदा या दुसऱ्या प्रकारांतला. दुसऱ्यांनीं उभारलेलीं संगणकयंत्रें कशीं मांडलीं आहेत, तशींच कां मांडलीं आहेत, आणि बिघडलीं तर प्रथम कोठें पाहावें, याचीं टांचणें तयार करणें हें आमचें कित्येक वर्षांचें काम आहे. त्यांतल्या ज्या एका टांचणाविषयीं आज आम्ही लिहिणार आहों, त्याचें नांव ऐकूनच कित्येक वाचक पान उलटतील अशी आम्हांस भीति वाटते. तें नांव असें: आभासी यंत्रांच्या फर्मवेअरच्या मांडणीचें टांचण. तथापि वाचकांनीं घटकाभर धीर धरावा. विषय दिसतो तितका रुक्ष नाहीं, आणि त्याचा संबंध केवळ यंत्रांशींच आहे असेंही नाहीं.

प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय तें सांगतों. मोठ्या संगणकाच्या अंगीं दहा-वीस लहान संगणकांचें काम करण्याची शक्ति असते. परंतु तें सर्व काम एकत्र कालवलें तर एकाचा बिघाड दुसऱ्यास भोवतो. म्हणून त्या मोठ्या संगणकाच्या पोटांत अनेक कल्पित संगणक निर्माण करतात. प्रत्येकास आपली स्वतंत्र डिस्क आहे, स्वतंत्र स्मृति आहे, असें भासतें. वस्तुतः तें सर्व मोठ्यानें वांटून दिलेलें असतें. इंग्रजींत मोठ्यास यजमानाचें नांव आहे आणि लहानास पाहुण्याचें. हीं नांवें मराठी कानांस परकीं वाटत नाहींत, म्हणून आम्हींही तींच घेतलीं आहेत. ही युक्ति आजकालची नव्हे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत १९६७ सालीं सीपी-४० नांवाची प्रणाली कामास लागली, तिच्यांत हें तत्त्व उतरलें होतें. पुढें २००३ सालीं फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थानें क्यूएमू नांवाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत केव्हीएम दाखल झालें, आणि पाहुणे ठेवणें ही केवळ मोठ्या कंपन्यांची मिरास राहिली नाहीं. आज लहानशा संस्थेच्या कोपऱ्यांतल्या एका यंत्रांतही चारपांच पाहुणे सुखानें नांदत असतात.

आतां फर्मवेअर. संगणकाची कळ दाबली कीं थोड्या वेळानें ऑपरेटिंग सिस्टिम जागी होते हें आपण रोज पाहतों. परंतु तिला जागें कोण करतें? ती तर डिस्कवर निजलेली असते, आणि डिस्क कोठें आहे हेंच यंत्रास अद्याप ठाऊक नसतें. अशा वेळीं जो लहानसा प्रोग्रॅम सर्वांआधीं उठतो, घरांत काय काय आहे तें चांचपून पाहतो, आणि निजलेल्यास हालवून जागें करून आपण बाजूस होतो, त्यास फर्मवेअर म्हणतात. योगायोग असा कीं हा शब्दही १९६७ चाच आहे. ॲशर ऑप्लर या लेखकानें 'डेटामेशन' मासिकांतील एका लेखांत तो घडविला. हार्ड आणि सॉफ्ट यांच्या मधला, अगदीं कठिण नव्हे आणि अगदीं मऊही नव्हे, असा तो फर्म. ऑप्लरच्या मनांतला अर्थ थोडा निराळा होता. यंत्राच्या अंतर्भागांतील सूक्ष्म आज्ञांस त्यानें हें नांव दिलें होतें. पण शब्द एकदां घराबाहेर पडला कीं तो जन्मदात्याच्या आज्ञेंत राहत नाहीं. भाषाशुद्धीचे अभिमानी आम्हांस विचारतील कीं यास मराठी प्रतिशब्द कां योजीत नाहीं? योजणें अवघड नाहीं. परंतु रात्रीं दोन वाजतां यंत्र बंद पडलें असतां तंत्रज्ञाच्या तोंडीं जो शब्द येतो तोच टांचणांत असला पाहिजे, नाहींतर त्यास हवें तें पान सांपडणार कसें?

पाहुण्याचें शरीर कल्पित असलें तरी त्याचें जागें होणें कल्पित असून भागत नाहीं. त्यास इतर कोणत्याही संगणकाप्रमाणें पायरीपायरीनें उठावें लागतें, आणि म्हणून यजमानास त्याच्यासाठीं फर्मवेअरही पुरवावें लागतें. या फर्मवेअरचीं दोन घराणीं आहेत. एक जुनें, बायॉसचें. १९८१ च्या आयबीएम पीसीनें तें घरोघर पोंचविलें, आणि पाहुण्यांसाठीं तें आज सीबायॉस या नांवानें मिळतें. दुसरें नवें, यूईएफआयचें. त्याची सुरुवात इंटेल कंपनीनें केली आणि २००५ पासून तें अनेक कंपन्यांच्या एका मंडळाच्या हातीं आहे. त्याच्या नियमांच्या ग्रंथाचीं पृष्ठें दोन हजारांहून अधिक आहेत. पाहुण्यांसाठीं त्याचा जो अवतार आहे त्यास ओव्हीएमएफ म्हणतात. एका घराण्याच्या रीतीनें निजविलेला पाहुणा दुसऱ्या घराण्याच्या हांकेनें बहुधा उठत नाहीं. तेव्हां पाहुणा कोणत्या घराण्याचा, ही टांचणांतली पहिली ओळ.

कोणी म्हणेल, ही तर कारकुनी झाली. यांत लिहिण्यासारखें तें काय? त्यास उत्तर म्हणून फर्मवेअरच्याच इतिहासांतली एक गोष्ट सांगतों. आयबीएमनें आपल्या पीसीच्या तांत्रिक ग्रंथांत बायॉसची संपूर्ण आज्ञावलि छापून टाकली होती. ज्यास हवी त्यानें ती वाचावी. पण कायद्यानें तिची नक्कल कोणास करतां येत नव्हती. तेव्हां प्रथम कॉम्पॅक आणि मागाहून फीनिक्स या कंपन्यांनीं निराळाच मार्ग काढला. एका मंडळीनें बायॉसचा अभ्यास करून तो काय काय करतो याचें केवळ वर्णन लिहावें. आणि ज्यांनीं मूळ आज्ञावलि कधींही पाहिली नाहीं अशा दुसऱ्या मंडळीनें त्या वर्णनावरून नवा बायॉस रचावा. अशा रीतीनें रचलेला फीनिक्सचा बायॉस १९८४ सालीं इतर कंपन्यांस विकत मिळूं लागला, आणि आयबीएमच्या तोडीचीं यंत्रें कोणासही बनवितां येऊं लागलीं. आज्ञांची यादी समोर उघडी असतांही जें साधलें नसतें तें एका चोख वर्णनानें साधलें. ज्या टांचणावरून वस्तु पुन्हां उभी करतां येते तें टांचण, बाकीच्या याद्या.

आजच्या टांचणकारापुढें मात्र एक अधिक अडचण आहे. पीसीचा तो बायॉस चिपवर कायमचा कोरलेला असे. त्यास स्वतःचें असें स्मरण फारसें नव्हतें. ओव्हीएमएफची गोष्ट निराळी. त्याचे दोन भाग असतात. एक आज्ञांचा, तो सर्व पाहुण्यांस समाईक असून त्यांत पाहुण्यास कांहीं लिहितां येत नाहीं. दुसरा स्मरणाचा, तो प्रत्येक पाहुण्याचा वेगळा. पाहुणा प्रथम आला कीं यजमान एका नमुन्यावरून त्याच्यासाठीं एक प्रत काढतो, आणि मग डिस्कवरचा कोणता प्रोग्रॅम आधीं उठवावा, कोणाची सही असलेल्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवावा, अशा गोष्टी तींत नोंदल्या जातात. आम्ही या दुसऱ्या भागास वही म्हणतों. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, वही पाहुण्याच्या डिस्कवर नसते. ती यजमानाच्या आंतल्या एका कप्प्यांत, निराळ्या फाइलींत असते. सर्व ठीक चाललें असतां तिचें अस्तित्व कोणास जाणवतही नाहीं.

तें कसें जाणवतें याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांतलें आहे. आमच्या परिचयाचा एक धर्मादाय दवाखाना आहे. तेथील रोग्यांच्या नोंदी, औषधांचीं प्रमाणें, पुढील तपासणीच्या तारखा, सर्व एका पाहुण्याच्या पोटांत असे. यजमानयंत्र जुनें झालें म्हणून एका रात्रीं तो पाहुणा नव्या यंत्रावर हालविण्यांत आला. हालविणारांनीं डिस्क काळजीपूर्वक उतरविली, मूळ आणि नक्कल ताडून पाहिली, आणि पाहुण्याचें वर्णन नव्या यंत्रावर नव्यानें लिहून ते समाधानानें घरीं गेले. सकाळीं कळ दाबतांच काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें आलीं आणि फर्मवेअर स्वतःच्याच शेलमध्यें आज्ञेची वाट पाहत थांबलें. रोग्यांच्या नोंदी डिस्कवर सुखरूप होत्या. ऑपरेटिंग सिस्टिम सुखरूप होती. परंतु तिला कोठून उठवावें हें ज्या वहींत लिहिलें होतें ती वही जुन्या यंत्रांतच राहिली होती.

बाहेर बांकांवर रोगी बसले होते. त्यांत एक वृद्ध बाई होत्या. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांचें त्यांचें प्रमाण मागच्याच आठवड्यांत बदललें होतें. जुनी चिठ्ठी हातांत होती, नवें प्रमाण यंत्रांत होतें. डॉक्टर म्हणाले, "आजी, अंदाजानें मी ही गोळी देणार नाहीं. थोडें बसा." त्या बसल्या. दुपारचा एक वाजेपर्यंत बसल्या. घरीं नातू शाळेंतून येईल, दाराला कुलूप आहे, एवढेंच त्या मधून मधून शेजारणीस सांगत होत्या.

ज्या गृहस्थांनीं ही व्यवस्था मूळ उभारली होती ते नोकरी सोडून गेले होते. यंत्राच्या पेटीवर त्यांनीं एक कागद चिकटविला होता. त्यावर लिहिलें होतें: "फर्मवेअर यूईएफआय. सेटिंग आहे तशीच ठेवावी." कोणती सेटिंग? ती आहे कोठें? ती हरवली तर काय करावें? आणि यंत्रच बदललें तर 'आहे तशीच' याचा अर्थ काय? कागदांतलें एकही अक्षर खोटें नव्हतें, आणि एकही अक्षर उपयोगाचें नव्हतें. अखेर एका तरुण तंत्रज्ञानें फर्मवेअरच्या यादींत शिरून डिस्कवरील तो जागें करणारा प्रोग्रॅम हातानें दाखवून दिला, आणि पाहुणा उठला. दवाखान्यानें आम्हांस बोलाविलें तें त्यानंतर, योग्य टांचण लिहून देण्यासाठीं. जुनें यंत्र सुदैवानें पुसलेलें नव्हतें. त्यांत ती वही मिळाली. तिचा आकार अवघा ५२८ किलोबाइट. हातांतल्या फोननें काढलेल्या एखाद्या छायाचित्राहूनही लहान.

आम्ही तेथें लिहिण्यास बसलों तेव्हां त्या तरुणानेंच आम्हांस हटकलें. "अहो, एवढें लिहितां कशाला? पाहुण्याच्या वर्णनाच्या फाइलींत सगळें असतेंच कीं!" प्रश्न प्रामाणिक होता, आणि वरवर पाहतां बिनतोड होता. लिबव्हर्ट नांवाच्या व्यवस्थेंत प्रत्येक पाहुण्याचें सविस्तर वर्णन एका एक्सएमएल फाइलींत असतें हें खरें. परंतु त्या फाइलींतलाच एक शब्द घेऊं. फर्मवेअरच्या ओळींत 'सिक्युअर' असा शब्द येऊन त्यापुढें 'होय' असें लिहिलेलें असतें. वाचणाऱ्यास वाटतें कीं, सिक्युअर बूटची तपासणी चालूं आहे. सहीशिक्क्याच्या प्रोग्रॅमखेरीज कोणासही येथें जागें होतां यावयाचें नाहीं. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ इतकाच कीं, हें फर्मवेअर तशी तपासणी करण्यास समर्थ आहे, आणि आपली वही पाहुण्याच्या हातून खराब होऊं नये म्हणून तें प्रोसेसरच्या एसएमएम या विशेष अवस्थेचा आश्रय घेतें. वहींत किल्ल्याच नोंदलेल्या नसतील तर तपासणी मुळींच होत नाहीं. द्वारपाल नेमला, त्यास पोषाख दिला, पण कोणास आंत सोडावें याची यादीच दिली नाहीं, तर तो बिचारा प्रत्येकास आंत सोडणार. म्हणूनच सामर्थ्य एक आणि नोंदलेल्या किल्ल्या दुसरी, अशा दोन निराळ्या गोष्टी सांगण्याची सोय पुढें लिबव्हर्टमध्यें करण्यांत आली. फाइल खरें बोलते. पण खरें बोलणारापासूनही चुकीचा बोध होऊं शकतो. तो होऊं नये म्हणून मध्यें टांचण उभें राहतें.

दुसरी गोष्ट पत्त्याची. पूर्वीं पाहुण्याच्या वर्णनांत फर्मवेअरच्या फाइलीचा संपूर्ण पत्ता लिहावा लागे. हे पत्ते लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांत निरनिराळे, आणि एकाच वितरणांतही ते कालांतरानें बदलत. २०१९ सालापासून लिबव्हर्टमध्यें पत्त्याऐवजीं हेतु लिहितां येतो. 'यूईएफआय हवें' एवढें म्हटलें कीं, प्रत्येक फर्मवेअरबरोबर ठेवलेलीं परिचयपत्रें वाचून व्यवस्था स्वतःच योग्य तें निवडते. ही सुधारणा फार चांगली आहे, आणि तींत टांचणकारानें घेण्यासारखा धडा आहे: शक्य तेथें हेतु लिहावा, पत्ता लिहूं नये, कारण पत्ते शिळे होतात, हेतु सहसा होत नाहींत. पण हाही नियम डोळे मिटून पाळण्याचा नव्हे. ओव्हीएमएफचा घडा पूर्वीं दोन मेगाबाइटांचा असे, पुढें चार मेगाबाइटांचा आला. आणि दोहोंतल्या वह्यांची आंखणी वेगळी असल्यामुळें जुनी वही नव्या आज्ञांबरोबर चालत नाहीं. नव्या पाहुण्यास हेतु पुरतो. जुन्यास त्याच्या वहीचा इतिहासही सांगावा लागतो. कोणास काय पुरतें हें ज्यास समजलें नाहीं त्याचें टांचण एक तर अपुरें होतें, नाहींतर अजागळ.

आणि वही जपावी हा नियम तरी सर्वत्र लागू आहे काय? तसेंही नाहीं. ज्या पाहुण्यांनीं यजमानावरही विश्वास ठेवूं नये अशा रीतीनें ते रचलेले असतात, ज्यांची स्मृतिच यजमानापासून गुप्त ठेवलेली असते, त्यांच्या बाबतींत यजमानाच्या कप्प्यांतली वही हाच धोका. अशांस मुद्दाम वहीरहित फर्मवेअर देतात. उलट, २०२१ सालीं आलेल्या विंडोज ११ साठीं यूईएफआय आणि सिक्युअर बूटचें सामर्थ्य तर लागतेंच, शिवाय टीपीएम २.० ही गुपितें जपणारी चीज लागते. पाहुण्यास तीही कल्पित द्यावी लागते, आणि तिचेंही स्मरण यजमानाच्या निराळ्या कप्प्यांत राहतें. पाहुण्याच्या डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल आणि हें स्मरण मागें राहिलें, तर यंत्र ४८ अंकांची पुनःप्राप्तीची किल्ली मागत बसतें. ती कोणीं जपून ठेवली असेल तर ठीक; नसेल तर डिस्क समोर असून नसल्यासारखी. अशा रीतीनें एके ठिकाणीं वही नसणें हें शहाणपण, आणि दुसरे ठिकाणीं तोच सर्वनाश. 'वही नाहीं' हे दोन शब्द दोन्हींकडे सारखेच दिसतात. त्यांतला फरक 'कां' या एका प्रश्नाच्या उत्तरांत आहे, आणि तें उत्तर कोणत्याही फाइलींत यंत्र आपण होऊन लिहीत नाहीं.

त्या दवाखान्यासाठीं आम्हीं लिहिलेलें टांचण अवघें दीड पानाचें झालें. पाहुणा कोणत्या घराण्याचा आणि तेंच कां. सिक्युअर बूटची तपासणी खरोखर होते कीं नुसतें सामर्थ्य आहे. वही कोठें आहे आणि तिची प्रत कोणत्या दिवशीं काढली जाते. पाहुणा हालवितांना डिस्क, वही आणि वर्णन हीं तिन्ही बरोबर नेलीं पाहिजेत. आणि वही हरवलीच तर जागें करणारा प्रोग्रॅम डिस्कवर कोठें सांपडेल. यजमान जें स्वतः निवडतो त्याविषयीं आम्हीं मौन धरलें, कारण टांचणांत अनावश्यक ओळ शिरली कीं आवश्यक ओळ वाचली जाईनाशी होते. शेवटीं हें सर्व कोणत्या तारखेस प्रत्यक्ष करून पाहिलें ती तारीख घातली. जातां जातां एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या पाहुण्याची वही आहे तो लिबव्हर्टच्या दप्तरांतून काढून टाकूं लागलें, तर वही ठेवूं कीं पुसूं हें स्पष्ट सांगितल्यावांचून तें काम करण्यास लिबव्हर्ट नकार देतें. ज्यानें हा नकार त्यांत घातला त्यास कधींतरी असाच एखादा काळा पडदा पाहावा लागला असावा, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

वाचकांपैकीं बहुतेकांचा पाहुण्यांच्या वह्यांशीं कधींही संबंध यावयाचा नाहीं. परंतु प्रत्येक कुटुंबांत एक मनुष्य असा असतो कीं, घराचें खरेदीखत कोणत्या पेटींत आहे, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यांत भरावयाचा, वडिलांस कोणतें औषध चालत नाहीं आणि कां चालत नाहीं, हें सर्व त्यालाच ठाऊक असतें. तो घरांत वावरतो तोंपर्यंत कोणास कांहीं लिहून ठेवण्याची गरज भासत नाहीं. किंबहुना तो विषय काढणेंही अशुभ वाटतें. फार झालें तर एखाद्या लिफाफ्यावर 'महत्त्वाचे, जपून ठेवावे' एवढें लिहिलेलें असतें. तें लिहिणाऱ्यास त्या शब्दांचा सगळा अर्थ माहीत असतो. पुढें लिफाफा उघडणाऱ्यास त्यांतला एकही माहीत नसतो. त्या दुसऱ्या मनुष्याकडे पाहून लिहावें, एवढेंच आमच्या धंद्यानें आम्हांस शिकविलें आहे. तो घाईंत असेल, बाहेर कोणी तरी त्याची वाट पाहत बसलें असेल, आणि ज्याला विचारावें तो मनुष्य तेथें नसेल.